गोधडीतली हवा आणि मातीच्या भिंतीतले ऊन

डिसेंबर संपत आला की उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांबरोबर निफाडचे नाव वर्तमानपत्रांत झळकू लागते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेले किमान तापमान काही वर्षी २ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेले आहे, आणि राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांत या तालुक्याची गणना होते. माझे बालपण याच भागातील एका धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात गेले. त्या घरात वीज होती ती दिव्यापुरती, हीटर हा शब्दही कोणी ऐकलेला नव्हता, आणि तरीही रात्री आम्ही भावंडे कुडकुडत जागी राहिल्याचे मला आठवत नाही. आज नाशिकमधल्या सिमेंटच्या सदनिकेत, बाहेर त्यापेक्षा कमी थंडी असतानाही, पहाटे पाय गार पडतात. हा फरक केवळ वयाचा आहे की घराचाही, याचा शोध घेताना मला असे दिसले की त्या घरात उष्णता निर्माण करण्याची साधने फारच थोडी होती, परंतु असलेली उष्णता धरून ठेवण्याची व्यवस्था उत्तम होती.

प्रथम भिंतीचा विचार करू. पांढऱ्या मातीच्या त्या भिंती दीड-दोन फूट जाड होत्या. दिवसा त्या उन्हाने तापत आणि रात्री तीच ऊब घरात सोडत, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दर २४ तासांनी एक उष्ण आणि एक शीत लाट लागते. ही लाट मातीतून फार सावकाश आत सरकते आणि सरकताना क्षीण होत जाते. दीड फूट मातीतून पलीकडे पोहोचायला तिला सुमारे १२ ते १४ तास लागतात, आणि तोपर्यंत तिचा जोर मूळच्या काही टक्क्यांवर आलेला असतो. म्हणजे दुपारचे ऊन रात्री आत येते असे म्हणण्यापेक्षा, बाहेर दुपारी २८ आणि पहाटे ६ अंश असले तरी भिंतीचे आतले अंग या दोहोंच्या सरासरीजवळ, १७-१८ अंशांच्या आसपास, रात्रभर स्थिर राहते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. शिवाय चुलीची आणि घरातल्या माणसांची उष्णताही त्या भिंती शोषून घेत आणि हळूहळू परत देत.

घराचे छतही मातीचेच होते. सागाचे सर म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी धाब्याची रचना असते. त्याच्या तुलनेत आजचा काँक्रीटचा स्लॅब चार-पाच इंचांचा असतो, आणि काँक्रीटमधून उष्णता मातीपेक्षा अधिक सहज वाहते. त्यामुळे बाहेरच्या तापमानाची लाट स्लॅबमधून तीन-चार तासांत खोलीत उतरते आणि तिचा जोरही जवळजवळ निम्मा शिल्लक असतो. उन्हाळ्यात रात्री नऊ वाजताही वरच्या मजल्यावरचे छत भाजते आणि हिवाळ्यात मध्यरात्रीच गार पडते, याचे कारण हेच आहे.

त्यात निरभ्र आकाशाची भर पडते. ढग नसलेल्या कोरड्या रात्री छप्पर, पाने, गवत असा प्रत्येक उघडा पृष्ठभाग आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहतो, परंतु आकाशाकडून त्याला फार थोडी परत मिळते. त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात हवेचे तापमान शून्याच्या वर असतानाही दवबिंदू गोठून हिमकण दिसतात, ते यामुळेच. आपल्या डोक्यावरचा स्लॅबही प्रत्येक निरभ्र रात्री हेच करत असतो.

थंड छताखाली, थंड भिंतींमध्ये बसलेल्या माणसाला थंडी वाजते ती केवळ हवेमुळे नव्हे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि शांत हवेच्या खोलीत तिचा मोठा वाटा प्रारणाने, म्हणजे त्याच अवरक्त किरणांच्या रूपाने, भिंतींकडे, छताकडे आणि खिडकीच्या काचेकडे जातो. पृष्ठभाग जितका गार, तितके हे देणे अधिक. म्हणून दोन खोल्यांतील हवा सारख्याच तापमानाची असूनही एक खोली ऊबदार आणि दुसरी गारठलेली वाटू शकते. तापमापी तो फरक दाखवत नाही, आपली त्वचा मात्र दाखवते.

पायांची कथा निराळी आहे. शेणाने सारवलेली जमीन आणि ग्रॅनाइटची फरशी एकाच तापमानाला असली तरी अनवाणी पायाला फरशी कितीतरी गार लागते. घन आणि उष्णतेची सुवाहक असलेली फरशी तळव्यातील उष्णता झपाट्याने ओढून घेते. जमीन १६ अंशांवर असेल, तर ग्रॅनाइटवर ठेवलेल्या तळव्याची त्वचा स्पर्शाच्या क्षणी २० अंशांच्या आसपास उतरते, लाकडी पाटावर मात्र ती २६ अंशांच्या जवळपास राहते. सारवलेली जमीन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. जेवताना पाटावर बसण्याच्या रीतीमागे हे गणित कोणी मांडले नसेल, पण हिवाळ्यात तिचा उपयोग नक्कीच होत असे.

आता गोधडी. आजी जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवत असे. सहा-सात थरांची ती गोधडी अंगावर घेतली की थोड्याच वेळात ऊब येई. ही ऊब कापडाची नसते, कारण गोधडी स्वतः कोणतीही उष्णता निर्माण करत नाही. झोपलेले शरीर सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता देत असते आणि गोधडी ती अडवते. अडवण्याचे काम प्रत्यक्षात करते ती थरांमध्ये आणि धाग्यांमध्ये कोंडलेली हवा. हवा ही उष्णतेची अत्यंत मंदवाहक आहे. पाण्यातून उष्णता हवेच्या जवळपास २४ पट वेगाने वाहते. मात्र हवा मोकळी सोडली तर ती तापून वर जाते, गार हवा तिची जागा घेते आणि अभिसरणाने सगळी ऊब निघून जाते. कापडाच्या बारीक पोकळ्यांत तिला हलता येत नाही, आणि धावदोरा थरांना एकमेकांवरून सरकू देत नाही. दोन भावंडे एका गोधडीत झोपली तर उष्णतेचे स्रोत दोन होतात, पण उघडे पडणारे क्षेत्रफळ दुप्पट होत नाही. लहान मुलांच्या शरीराचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. म्हणूनच त्यांना असे बिलगून झोपण्याचा लाभही अधिक होतो.

गोधडीखाली घोंगडी अंथरलेली असे आणि तो क्रम फार विचारपूर्वक ठरलेला होता, असे मला आता वाटते. अंगाखाली सुती अंथरूण दबते, त्यातली हवा निघून जाते आणि ते जवळजवळ निरुपयोगी होते. दख्खनी मेंढीच्या जाड, राठ लोकरीचे तंतू मात्र कुरळे आणि लवचीक असल्यामुळे सहज दबत नाहीत. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प ओलसर न वाटता शोषू शकते आणि शोषताना थोडी उष्णता सोडते.

त्या घराचे सगळेच चांगले होते असे नाही, आणि आठवणींच्या भरात हे विसरणे अन्यायाचे होईल. चुलीचा धूर आईने आणि आजीने आयुष्यभर छातीत घेतला. रात्री कोळशाची शेगडी माजघरात ठेवली जाई, तेव्हा दारांच्या फटींतून आणि धाब्यातल्या धारातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, हवा खेळत होती म्हणून आम्ही बचावलो. आजच्या घट्ट बंद होणाऱ्या खिडक्यांच्या खोलीत तीच शेगडी जीव घेऊ शकते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. लहानशा बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरचा धोका नेमका हाच आहे. निखाऱ्याची शेगडी झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये आणि गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, हे मी प्रत्येक परिचिताला आग्रहाने सांगतो.

विजेच्या हीटरला हा धोका नाही, पण तो अवघी खोली तापवतो आणि थंड भिंती, काच व स्लॅब ती उष्णता तितक्याच तत्परतेने बाहेर पोहोचवतात. २,००० वॅटचा हीटर रात्रभर, म्हणजे ८ तास, अखंड चालला तर १६ युनिट वीज लागते. गोधडीतल्या माणसाला ऊबदार ठेवायला त्याच्या शरीराचे ७५ वॅट पुरतात.

आई आता आमच्याबरोबर राहते. उतारवयात त्वचेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता वाचवण्याची शरीराची क्षमता मंदावते आणि थंडीची जाणीवही उशिरा होते, त्यामुळे तिच्या खोलीकडे आम्ही विशेष लक्ष दिले. ती खोली दक्षिणेकडची निवडली. २२ डिसेंबरच्या सुमारास नाशिकला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो, त्यामुळे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर येते. उन्हाळ्यात मात्र दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छोटा सज्जाही ते ऊन अडवतो. सकाळी पडदा पूर्ण उघडायचा आणि सूर्य कलताच जाड पडदा ओढून घ्यायचा, म्हणजे काच आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा एक थर अडकतो आणि अंथरुणाला समोर गार काच दिसत नाही. फरशीवर सतरंजी अंथरली आहे.

गोधडी मात्र आई कोणाला हात लावू देत नाही. रोज दहाच्या सुमारास ती गॅलरीत वाळत घालते, कारण रात्रभर घामाचे बाष्प शोषलेला कापूस दबतो आणि ओलसर धाग्यांतून उष्णता लवकर निसटते. उन्हाने तो कोरडा होऊन पुन्हा फुलतो. साडेचारच्या आत ती गोधडी उचलून घरात घेते. दिवस कलला की हवा गार होते, तिची सापेक्ष आर्द्रता वाढू लागते आणि दिवसभर सुकलेला कापूस तेच बाष्प पुन्हा पिऊ लागतो.