दहावी 2021 : ओएमआर परीक्षा आणि सीमाभागातली मराठी मुले (पार्श्वभूमी)

साथ आली की शाळा बंद, हे बेळगावला नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला तेव्हा लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. पण त्या काळी मॅट्रिकपर्यंत पोचणारी मुलेच मोजकी होती.

कर्नाटकातली 2020 ची दहावीची परीक्षा 27 मार्चऐवजी 25 जूनला सुरू झाली, तरी पेपर नेहमीसारखे लेखीच झाले. महाराष्ट्रात भूगोलाचा एकच पेपर उरला होता, तो रद्द झाला. खरा फटका पुढच्या तुकडीला बसला. जुलैपासून दूरदर्शनच्या कन्नड वाहिनीवर पाठ सुरू झाले, पण मराठी माध्यमाच्या मुलाचे गणित त्यातून जेमतेम पुढे सरके आणि विज्ञानातल्या संज्ञांपाशी तो अडे. ऑगस्टमध्ये राज्य सरकारचे ‘विद्यागम’ आले. शिक्षक गावात येऊन देवळाच्या आवारात, झाडाखाली मुलांना गटागटाने शिकवू लागले. खानापूरच्या जंगलपट्ट्यात रेंज मिळायची मारामार, तिथे याचाच आधार होता. ऑक्टोबरमध्ये तेही थांबले. दहावीचे वर्ग भरले ते थेट 1 जानेवारी 2021 ला, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले.

त्यानंतरचा निर्णय आजही वादाचा आहे. महाराष्ट्राने दहावीची परीक्षा रद्द केली. कर्नाटकाने ती घेतली, पण दोन दिवसांत : 19 जुलैला गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान, 22 जुलैला तिन्ही भाषा. विषयाला 40 बहुपर्यायी प्रश्न, तीन तासांत 120. उत्तरे ओएमआर पत्रिकेवर, म्हणजे यंत्राने तपासल्या जाणाऱ्या कागदावर, गोल भरून द्यायची. एकूण गुण मात्र, शाळेचे 125 अंतर्गत गुण धरून, 625 च ठेवले. म्हणजे इतर विषयांत 40 चे 80 झाले आणि प्रथम भाषेत 40 चे 100. मराठीतला एक गोल चुकला की अडीच गुण गेले. एक प्रश्न सोडून पुढचा सोडवताना गोलांची ओळ सरकली, तर खालची सगळीच उत्तरे चुकत. पेनाने भरलेला गोल खोडताही येत नाही.

परीक्षा घेतली हे योग्यच झाले. पण प्रथम भाषेचे शंभर गुण एकही वाक्य न लिहिता मिळावेत, हे पटत नाही. निबंध, पत्र, कवितेचे रसग्रहण यांचा सराव मुलांनी वर्षभर केलाच नव्हता, आणि परीक्षेनेही तो मागितला नाही.

मग ‘पास’ या शब्दाचाच घोळ झाला. 9 ऑगस्टला निकाल लागला आणि राज्यात जवळजवळ सगळेच पास झाले. 157 जणांना 625 पैकी 625 गुण मिळाले. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरला अकरावीसाठी जायचे ठरवणाऱ्यांपुढे तिकडचा निकाल वेगळ्याच हिशेबाचा होता : नववीचे 50, दहावीतील अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे 30 आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. दोन्ही टक्केवाऱ्या एका मापाने मोजायला अकरावीची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) उपयोगी पडली असती, पण न्यायालयाने ती 10 ऑगस्टला रद्द केली.

28 मार्च 2022 पासून सहाही पेपर पुन्हा लेखी झाले. त्या तुकडीची नववी बहुतांशी घरीच गेली होती. राज्याचा निकाल 85.63 टक्के लागला.