धुणं धुणाऱ्या बायकांचा तो जुना फोटो ‘गुपचूप’ टिपलेला नाही

नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांचा १८६० च्या सुमाराचा फोटो, खाली ओळ : ‘नकळत टिपलेलं खरं खेडं’. आमच्या गिरगावातल्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय. पण नकळत टिपणं तेव्हा जवळपास अशक्य होतं.

१८५१ मध्ये आलेल्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रावाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकण्याआधी अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. एवढा संसार घाटावर मांडल्यावर कुणाला कळणार नाही? शिवाय काचेला बहुधा काही सेकंद उजेड लागे. तेवढ्यात दगडावर पिळा आपटणारा हात म्हणजे नुसता धुरकट पट्टा, आणि वाहतं पाणी दुधासारखं. म्हणून माणसांना स्तब्ध उभं करत. हात नीट पाहा : पिळा उचललेला, पण थेंबही उडत नाही.

मुंबईत तर त्याहून पुढचं घडलं. फोटोग्राफर विल्यम जॉन्सनच्या १८६३–६६ च्या, मुंबईतल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात माणसांचे फोटो वेगळ्याच देखाव्यांवर जोडलेले आहेत.

झटपट फोटो सर्रास जमू लागले ते १८८० च्या आसपास, कोरड्या काचा आल्यावर. बायका मात्र खऱ्याच होत्या. हातातलं धुणं थांबवून त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हे त्या ओळीत यायला हवं.