बातम्या बाईच्या आवाजात चालतात, मग मॅचला काय होतं?

खो-खोचा पहिला वर्ल्डकप १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या पोरींनी जिंकला, फायनलला नेपाळला ७८-४० असं धुतलं, कॅप्टन प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली, टीममधी धाराशिवची अश्विनी शिंदे, त्यामुळं मराठवाड्यात ज्याच्या त्याच्या स्टेटसला तेच. आणि त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर ऐकायला मिळालं की खेळायला ठीकंय, पण कॉमेंट्रीला बाईचा आवाज काही जमत नाही. इतक्या खात्रीनं सांगत होते लोक, की म्हटलं हे कुठून आलं ते जरा मागं जाऊन बघावं.

आवाजाचंच म्हणाल तर रेडिओ-टीव्हीवर बाईचा आवाज आपल्याला काही नवा नाही. पुणे आकाशवाणीवरून सुधा नरवणे बातम्या द्यायच्या, मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात स्मिता पाटील बातम्या वाचायच्या. निवडणुकीचे निकाल, पूर, दुष्काळ सगळं बाईच्या तोंडून ऐकलं, कुणाचं काही अडलं नाही. मॅच लागली की मात्र आवाज पुरुषाचा, मराठीत कॉमेंट्री करणारे बाळ ज. पंडित, हिंदीत सुशील दोशी, आणि दोघंही मोठेच, त्याबद्दल वादच नाही. पण फरक बघा, बातमी म्हणजे दुसऱ्यानं लिहून दिलेलं वाचणं, आणि कॉमेंट्री म्हणजे स्वतःच्या डोक्यानं बोलणं, हा शॉट चुकला, इथं कॅप्टनचं डोकं चाललं नाही, असं चारचौघात सांगणं. मला तरी वाटतं खटकतं ते हे, आवाजाचं नुसतं निमित्त.

भारतात पहिली बाई कॉमेंट्रीला बसली ती १९७७ मधी, चंद्रा नायडू, भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन सी. के. नायडूंची मुलगी, इंदूरला मुंबई विरुद्ध एमसीसी (म्हणजे इंग्लंडची टीम) मॅचला. म्हणजे हे काही आजकालचं फॅड नाही, पन्नास वर्षं होत आली. (बायकांचा क्रिकेट वर्ल्डकपसुद्धा १९७३ चा, पुरुषांच्या दोन वर्षं आधीचा, हे सांगितलं की लोक गुगल करतात.) पण एक दार उघडलं म्हणून मागून रांग लागली असं काही झालं नाही. अमेरिकेत तर मेलिसा लुडकी नावाच्या पत्रकाराला बेसबॉलच्या ड्रेसिंग रूममधी जाऊ देत नव्हते, पुरुष पत्रकार आत आणि ही बाहेर, शेवटी कोर्टात जावं लागलं, १९७८ ला निकाल तिच्या बाजूनं लागला.

मग आपल्याकडं २००३. साऊथ आफ्रिकेतला वर्ल्डकप, सोनी मॅक्स, आणि मंदिरा बेदी. आमच्या पिढीला मॅचपेक्षा तिचे ब्लाऊज जास्त आठवतात आणि दोष तिचा नाही, कॅमेरा तसाच लावलेला होता. चॅनेलला घरातल्या बायका टीव्हीसमोर आणायच्या होत्या म्हणून खेळ न खेळलेली, सिरियलमधली ओळखीची बाई आणली, मनात येईल ते विचार म्हणून बसवली, आणि मग सगळा देश म्हणायला मोकळा की हिला काय कळतंय. शेजारी बसलेले माजी खेळाडू तिच्या प्रश्नांकडं दुर्लक्ष करायचे, सुरुवातीला रडू यायचं, हे तिनंच नंतर मुलाखतीत सांगितलंय. तरी ती टिकली, हे पण लिहायला पाहिजे. पण नुकसान असं झालं की बाई म्हणजे स्टुडिओतली सजावट हे डोक्यात पक्कं बसलं, आणि ज्यांनी देशासाठी खेळून घाम गाळला होता त्यांना कुणी विचारेना.

त्यांना आयपीएलच्या कॉमेंट्रीत जागा मिळाली २०१५ ला, अंजुम चोप्रा, इसा गुहा, मेलनी जोन्स, लिसा स्थळेकर. लिसा म्हणजे पुण्यात जन्मलेली, ऑस्ट्रेलियाची ऑलराउंडर, वनडेत हजार रन आणि शंभर विकेट घेणारी जगातली पहिली बाई. हिला काय कळतंय म्हणायची सोयच राहिली नाही.

म्हणून सगळं सुधरलं का, तर नाही. २०१६ ला ऑस्ट्रेलियात ख्रिस गेलनं लाईव्ह मुलाखतीत मेल मॅक्लॉफ्लिन ह्या टीव्ही पत्रकार बाईला ड्रिंकचं विचारलं, वर लाजू नकोस म्हणाला, दहा हजार डॉलर दंड बसला. २०२१ ला दिनेश कार्तिकनं कॉमेंट्री करताना बॅटची तुलना शेजाऱ्याच्या बायकोशी केली, मग माफी मागितली. बॉक्समधी सगळे पुरुषच बसले की असले विनोद सहज निघतात, टोकायला कुणी नसतं.

आता आपल्या गावाकडचं. आमदार चषक म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मंडप, दोन कर्णे, युट्यूब लाईव्हचा मोबाईल स्टँडला बांधलेला आणि माईकवर एक दादा. सिक्स गेला की 'गेला गेला, ज्वारीत गेला', दोन बॉलच्या मधी बक्षीस कुणाच्या स्मरणार्थ ते. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण मुलींचा खो-खो लागला की ह्याच दादाचं 'बघा आपल्या लेकी कशा वाऱ्यासारख्या पळायल्यात' ह्याच्या पुढं जात नाही. ती पोर खांबाजवळ क्षणभर का थांबली? तर मागं लागलेलीनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला उलटं फिरता येत नाही (नव्या नियमात वजीर म्हणून ठरवलेल्या खेळाडूला कुठंही वळता येतं, ती सोडून), म्हणून ही तिच्या खांद्याकडं बघत होती, खांदा वळला की ही बसलेल्या पोरींच्या मधून पलीकडं. खेळलेलीला हे झोपेतही कळतं. धाराशिवच्या सारिका काळेनं २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टनशिप केली, २०२० ला अर्जुन पुरस्कार घेतला, तिच्या आगंमागं खेळलेल्या कितीतरी जणी आज शाळाशाळांत पीटी शिकवतात. स्पर्धेला त्यांना बोलवतात, हार घालतात, फोटो काढतात, आणि माईक परत दादाकडं.

मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेची पत्रिका आली होती. सूत्रसंचालन मॅडम, रांगोळी मॅडम, समालोचन सर. रांगोळीवाल्या मॅडम खो-खोत नॅशनल खेळलेल्या, आणि सरांचा विषय भूगोल.