देवदार

देवदार (संस्कृत देवदारु, शास्त्रीय नाव सीड्रस देवदारा, कुल पायनेसी) हा पश्चिम हिमालयातील सदाहरित सूचिपर्णी वृक्ष असून, पूर्व अफगाणिस्तानापासून काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंडमार्गे पश्चिम नेपाळपर्यंत, साधारणपणे १,५०० ते ३,२०० मी. उंचीवर त्याची वने आढळतात. लेबाननच्या राष्ट्रध्वजावरील सीडर आणि ॲटलास पर्वतातील सीडर हे त्याच्याच प्रजातीतले. नावाचा घोळ मात्र जुना आहे. मराठीत ‘देवदारी खोके’ म्हटले की डोळ्यांसमोर येणारे हलके, पांढुरके लाकूड बहुधा पाइनसारख्या झाडांचे असते, तर बंगालीत ज्याला देवदारु म्हणतात तो आपल्याकडचा खोटा अशोक.

हा वृक्ष सामान्यतः ४० ते ५० मी. उंच वाढतो. शेंड्याची कोवळी डहाळी खाली झुकलेली असते, आणि तीवरून तो दुरूनही ओळखता येतो. सुईसारखी पाने लांब फांद्यांवर एकेकटी, तर आखूड खुंट्यांवर वीस-तीसच्या झुबक्यांनी येतात. पिंपाच्या आकाराचा मादी-शंकू (बिया धरणारे खवलेदार बोंड) फांदीवर ताठ उभा असतो व पिकायला सुमारे वर्ष घेतो. चिडाचा (हिमालयातील एका पाइनचा) शंकू अखंड गळून पडतो; देवदाराचा झाडावरच सुटा होतो. खवले आणि पंखधारी बिया वाऱ्यावर निघून जातात, मधला दांडा तेवढा फांदीवर खिळ्यासारखा उभा राहतो.

देवदाराचे सारे मोल त्याच्या पिवळट तपकिरी गाभ्यातील सुगंधी तेलात आहे. या तेलामुळे लाकडाला वाळवी, कीड व बुरशी सहसा लागत नाही. हिमाचलातील ‘काठकुणी’ पद्धतीच्या घरांत देवदाराच्या तुळया व दगड यांचे थर आलटून पालटून, चुना न वापरता रचतात. भूकंपात अशी भिंत हलते, पण सहजी ढासळत नाही. मनालीचे हिडिंबा मंदिर (१५५३) देवदाराच्या राईत उभे आहे, तर श्रीनगरच्या जामा मशिदीचे छत देवदाराच्या ३७८ खांबांनी तोलले आहे. महाराष्ट्रात काष्ठौषधींच्या दुकानांत याचे तेलकट लाकूड ‘तेल्या देवदार’ या नावाने मिळते, आणि बाळंतिणीसाठीच्या देवदार्वादि काढ्यात ते मुख्य असते.

ज्या टिकाऊपणामुळे देवळे शतकानुशतके उभी राहिली, त्याच टिकाऊपणाने एकोणिसाव्या शतकात या वनांवर कुऱ्हाड आणली. रेल्वेच्या एका मैलाला सुमारे १,७६० ते २,००० स्लीपर (रुळांखालच्या आडव्या लाकडी तुळया) लागत, आणि कोणतीही प्रक्रिया न करता ते काम निभावणारी लाकडे साग, साल आणि देवदार एवढीच मानली जात. सतलज, चिनाब, भागीरथी यांच्या पात्रांतून ओंडके मैदानात वाहून आणले गेले. ही लूट इतकी वाढली की खुद्द सरकारलाच लाकडाच्या पुरवठ्याची चिंता पडली; १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले व डिट्रिख ब्रँडिस पहिले वनमहानिरीक्षक झाले. मात्र त्या खात्याने राखीव केलेल्या वनांत डोंगरी गावांचे चराईचे व लाकूडफाट्याचे जुने हक्क आक्रसले, हेही इथेच नोंदवले पाहिजे.

कालिदासाच्या रघुवंशात (सर्ग २) शिवाने पुत्र मानलेल्या देवदाराची साल एक रानहत्ती अंग घासून सोलतो, आणि पार्वती त्यासाठी शोक करते. झाडाच्या जखमेचे इतके जवळून केलेले चित्रण जुन्या वाङ्मयात विरळाच. अल्मोड्याजवळील जागेश्वरची दगडी मंदिरे आजही दाट देवदारांच्या सावलीत आहेत. कोरड्या जागी वाढलेल्या देवदाराच्या खोडात दरवर्षी पडणारे वाढीचे वलय कमी पावसाच्या वर्षी अरुंद पडते. त्यामुळे शेकडो वर्षे वयाच्या अशा खोडांवरून हिमालयातील जुन्या पावसाचा अंदाज बांधता येतो.