जावाचं 'कुठेही' नक्की कोणी सांभाळलं?

'एकदा लिहा, कुठेही चालवा' ही सन मायक्रोसिस्टिम्स या जावा बनवणाऱ्या कंपनीची घोषणा ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना सगळ्यांनीच पाठ केलीये, पण त्यातलं 'कुठेही' आपोआप येत नाही हे तेव्हा कोणी सांगत नाही. जावा प्रोग्रामचा बाइटकोड, म्हणजे कुठल्याच एका चिपचा नसलेला मधला कोड, सगळीकडे सारखाच, पण तो चालवणारं व्हर्च्युअल मशीन नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक प्रोसेसरसाठी तयार करावं लागतं, आणि त्यातला जेआयटी कंपायलर तर प्रोग्राम चालू असतानाच थेट त्या चिपचा मशीन कोड बनवतो, म्हणजे ती चिप आतून-बाहेरून माहीत असलेली माणसं वर्षानुवर्षं या कामाला लावायची.

1996 ला पहिलं जेडीके, म्हणजे जावाचा पूर्ण संच, आलं तेव्हा सनने स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम सोलारिस आणि विंडोज बघितलं. बाकीच्यांचं ज्याचं त्याने बघायचं, म्हणून आयबीएमने आपली एआयएक्स सिस्टिम आणि मेनफ्रेमसाठी, एचपीने आपल्या एचपी-यूएक्ससाठी, डिजिटल कंपनीने आपल्या अल्फा चिपसाठी लायसन्स घेऊन आपापलं जावा काढलं. लिनक्सला तर सुरुवातीला कोणी वालीच नव्हता, ते ब्लॅकडाउन नावाच्या गटातल्या स्वयंसेवकांनी ओढून नेलं, त्या लोकांचं नाव आज कोणी घेत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

2006 च्या नोव्हेंबरात सनने जावाचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली खुला करायचं जाहीर केलं आणि चित्र पालटलं. माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम रेड हॅटकडून आलं, झीरो नावाचं पोर्ट (पोर्ट म्हणजे एखाद्या चिपवर चालेल अशी आवृत्ती), ज्यात असेम्बली, म्हणजे चिपनुसार बदलणारा कोड, जवळपास नाहीच, नुसता बाइटकोड ओळीओळीने चालवणारा सी प्लस प्लसमधला इंटरप्रिटर. जेआयटी नसल्याने हळू चालतं, पण कंपायलर असलेल्या जवळपास कुठल्याही चिपवर उभं राहतं. पुढे सॅप आणि आयबीएमने मिळून आयबीएमच्या पॉवरपीसी चिपचं पोर्ट मूळ ओपनजेडीकेत, म्हणजे या खुल्या जावात, आणलं, 2017 च्या जेडीके 9 मध्ये 64 बिट आर्म आणि मेनफ्रेमचं एस390एक्स आलं.

आणि 2020 मध्ये जेडीके 15 मधून स्पार्कचं पोर्ट गेलं! सनची स्वतःची चिप, जावाचं माहेरच म्हणा ना. लूम, पनामासारख्या जावातल्या नव्या प्रकल्पांसाठी चिपनुसार बराच कोड बदलावा लागतो, तो जुन्या पोर्टसाठीही करत बसायचा का, हे सन विकत घेतलेल्या ओरॅकलचं कारण, आणि ते मला पटतंही.

2022 ला ह्वावेच्या टीमने लिहिलेलं रिस्क-फाइव्ह या खुल्या चिप-रचनेचं पोर्ट जेडीके 19 मध्ये आलं, तर 2025 च्या जेडीके 25 मधून 32 बिट एक्स86, म्हणजे जुन्या पीसीतल्या इंटेलसारख्या चिपचं, पोर्ट काढून टाकलं. म्हणजे एकेकाळी घरोघरी असलेल्या त्या पीसीवर नवीन जावा चालवायचं तर आता झीरोच.