टी४८० की टी४८०एस : रिफर्बिश्ड थिंकपॅड घेण्यापूर्वी

रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेले, लॅपटॉप मिळणाऱ्या दुकानांत लेनोव्होचे थिंकपॅड टी४८० आणि टी४८०एस बहुधा शेजारी शेजारीच मांडलेले असतात, आणि नावात व रूपात इतके साम्य असते की पुष्कळ जण दोन्ही एकच समजून व्यवहार उरकतात. दोन्ही मॉडेल २०१८ मध्ये आली आणि दोन्हींची स्क्रीन १४ इंची आहे. फरक आहे तो पुढे आतले काय काय बदलता येईल याचा, आणि जुना लॅपटॉप आणखी काही वर्षे वापरायचा असेल तर माझ्या मते त्याहून महत्त्वाचे दुसरे काही नाही.

सर्वांत ठळक फरक रॅमचा. टी४८० चे खालचे कव्हर उघडले की डीडीआर४ प्रकारच्या रॅमचे दोन स्लॉट दिसतात. कंपनीने ३२ जीबीची मर्यादा सांगितली असली, तरी ३२ जीबीच्या दोन स्टिक लावून ६४ जीबीसुद्धा व्यवस्थित चालते. टी४८०एसमध्ये मात्र रॅमचा काही भाग मदरबोर्डवरच सोल्डर केलेला, म्हणजे कायमचा जोडलेला असून स्लॉट एकच आहे. ही सोल्डर केलेली रॅम बिघडली, तर स्टिक बदलून भागत नाही, थेट मदरबोर्डच दुरुस्तीला काढावा लागतो.

बॅटरीतही टी४८० उजवा आहे. त्यात २४ वॉट-अवर क्षमतेची एक बॅटरी आत आणि दुसरी मागच्या बाजूला असते. मागची बॅटरी दोन कळा सरकवून निघते, आणि आतलीत चार्ज असेल तर लॅपटॉप बंद न करताही बदलता येते. टी४८०एसमध्ये ५७ वॉट-अवरची एकच बॅटरी आहे, तीही आत. रिफर्बिश्ड मालात सर्वांत आधी थकते ती बॅटरीच, त्यामुळे ही सोय लहान समजू नये. कव्हर उघडण्यापूर्वी बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधून) अंतर्गत बॅटरी बंद करण्यास मात्र विसरू नये.

एसएसडीच्या, म्हणजे फायली साठवणाऱ्या ड्राइव्हच्या, बाबतीत पारडे फिरते. टी४८०एसमध्ये एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी थेट बसते आणि तिला चार पीसीआयई लेन (डेटा ये-जा करण्याचे मार्ग) मिळतात. टी४८० मध्ये ती अडीच इंची जागेत वेगळ्या कॅडीच्या (बसवण्याच्या चौकटीच्या) आधाराने बसवावी लागते आणि दोनच लेन मिळतात. रोजच्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. टी४८०एस वजनालाही हलका, सुमारे १.३ किलोचा आहे, आणि रोज लोकलने प्रवास करणाऱ्याला तो पटेल. फक्त त्यात सोल्डर केलेली रॅम किती आहे, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

दोन्हींत सारखीच जपायची गोष्ट म्हणजे टाइप-सी पोर्ट. चार्जिंग त्यावरूनच होते, आणि थंडरबोल्टच्या (या पोर्टमागच्या वेगवान जोडणीच्या) जुन्या फर्मवेअरमधील, म्हणजे चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरमधील, दोषामुळे हे पोर्ट नीट काम करेनासे होऊ शकते. म्हणून लॅपटॉप हाती येताच लेनोव्होने दिलेले फर्मवेअर अपडेट करून घ्यावे. काही टी४८० सातव्या पिढीच्या प्रोसेसरसह विकले गेले होते आणि त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये. प्रोसेसरचा क्रमांक आय५-८२५०यू किंवा आय५-८३५०यू असा आठपासून सुरू होतो का, हे पाहावे, आणि लॅपटॉप आधी वापरणाऱ्या कंपनीने बायोसला सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंग्ज बदलू न देणारा पासवर्ड) ठेवलेला नाही, याची खात्री दुकानदारासमोरच बायोस उघडून करावी.