चित्रपट्टी-रेखाटन (कोल्हापूर)

चित्रपट्टी-रेखाटन : क्रमाने मांडलेल्या चौकटींतून प्रसंग सांगणारे रेखाचित्रण व त्याचे तंत्र. दैनिकातील पट्टी बहुधा तीन-चार चौकटींची व आडवी असते. मराठीत ‘चिंटू’ (१९९१ पासून) हे तिचे सर्वपरिचित उदाहरण.

उगमाविषयी मतभेद आहेत. पिंगुळीच्या (जि. सिंधुदुर्ग) चित्रकथी परंपरेशी तिचा संबंध जोडला जातो. चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा निर्देश ‘मानसोल्लास’ (सु. ११३१) या ग्रंथातही येतो. परंतु चित्रकथी एकेक चित्र समोर धरतो आणि दोन चित्रांमधला काळ गाऊन-बोलून भरून काढतो. पट्टीत हे काम वाचकाची नजर करते. म्हणून छापील पट्टीचा आरंभ जिनीव्हाच्या रोडॉल्फ टोप्फर यांच्या १८३०–४० दरम्यानच्या चित्रपुस्तकांत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोल्हापुरात चित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) चित्रीकरणापूर्वी पात्रे, वेशभूषा व हालचाली रेखाटून घेत. या रेखाटनांना चित्रपट्टीचे पूर्वरूप म्हणता येईल का, हा वादाचा विषय आहे. ती छपाईसाठी नव्हती आणि त्यांत संवादाचे फुगे नव्हते; तरी प्रसंगाचे तुकडे पाडून आधी कागदावर पाहण्याची दृष्टी दोन्हींकडे एकच आहे.

येथील चित्रपरंपरा मुख्यतः छायाभेदाची, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांची. आबालाल रहिमान (१८६०–१९३१) यांची निसर्गचित्रे आणि चंद्रकांत मांडरे यांचे पावडर शेडिंग (मांडरे यांचे कलासंग्रहालय राजारामपुरीत आहे) ही त्याची उत्तम उदाहरणे. पट्टीला मात्र रेघ लागते. जस्ताच्या लाइन ब्लॉकवर (रेखाचित्र छापण्याच्या ठशावर) काळे आणि पांढरे एवढेच उमटे, मधली करडी छटा उमटत नसे. त्यामुळे पावडरीने चोळून साधलेली सावली येथे निरुपयोगी ठरे. ती समांतर वा छेदणाऱ्या रेघांनी किंवा सपाट काळ्या भागाने दाखवावी लागे. मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट-दुप्पट काढतात. लहान होताना रेघेतला कंप झाकला जातो, पण फार बारीक रेघा तुटतात आणि दाट रेघा एकमेकींत मिसळून डाग पडतो. कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करीत, कारण ब्लॉकसाठी वापरल्या जाणाऱ्या फिल्मवर निळा रंग पांढऱ्यासारखाच येई व खोडण्याचे श्रम वाचत. त्यावर टाकाने किंवा ब्रशने काळी शाई चढवीत.

देवनागरीमुळे येणारी अडचण तंत्रविषयक लेखनात सहसा दुर्लक्षित राहते. वेलांट्या, मात्रा शिरोरेषेच्या वर आणि उकार खाली जात असल्याने ओळींत जास्त अंतर सोडावे लागते. फुगा अपेक्षेपेक्षा मोठा होतो आणि पात्राच्या डोक्यावर येतो. यावर उपाय म्हणजे अक्षरे आधी, आकृती नंतर. प्रथम बोलणारे पात्र डावीकडे व त्याचा फुगा वर असावा.

सरावासाठी तालमीतील जोड, पंचगंगेचा घाट, रंकाळ्यावरची वर्दळ ही ठिकाणे सोयीची. कुस्तीत पकड सतत बदलते, म्हणून स्नायूंच्या तपशिलाआधी पाठीचा बाक आणि पायांवरचा भार टिपण्याची सवय लागते. टॅब्लेटवर निळ्या पेन्सिलीचे काम आता वेगळा थर करतो.